एकाच घरात वाढलो, मग दारू त्यालाच का लागली?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई पस्तिशीच्या आहेत, लग्नानंतर पुण्याजवळ राहतात. माहेर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, तिथे आई आणि दोन भाऊ. वडील खूप प्यायचे, लिव्हर खराब होऊन गेले, तेव्हा धाकटा १७ वर्षांचा होता. मोठा भाऊ लहानपणीच शिकायला मामाकडे गेला होता, मग हॉस्टेलला. धाकटा आता २९ चा आहे, एमआयडीसीत कामाला. रोज पितो, आणि हल्ली सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात म्हणून तेव्हाही घेतो. गेल्या वर्षी महिनाभर एका व्यसनमुक्ती सेंटरला ठेवला होता, बाहेर आल्यावर अडीच महिने थेंबही घेतला नाही, मग मित्राच्या हळदीला गेला आणि परत सुरू. मोठा भाऊ म्हणतो, "मी पण पितो की, शनिवारी दोन पेग, सोमवारी कामावर हजर. याच्यात दमच नाही." आई कुणाकडून तरी आणलेली पावडर त्याला न सांगता आमटीत टाकते. नातेवाईकांनी एक स्थळ आणलंय, लग्न झालं की ताळ्यावर येईल म्हणतात. ताई मधूनमधून गुपचूप पैसे पाठवतात. त्या विचारतात, तिघं एकाच घरात वाढलो मग हाच का असा? मी पैसे देऊन चूक करतेय का? आणि मुलीकडच्यांना खरं सांगायचं की नाही?

ताई,

बाकी सगळं नंतर वाचा, आधी आईंना फोन लावा आणि ती पावडर आजच्या आज बंद करायला सांगा. त्या पुडीत नेमकं काय आहे हे विकणारा सांगत नाही आणि घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. त्यात डायसल्फिराम असेल तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, डेन्मार्कमध्ये १९४० च्या दशकात त्याचा दारूसाठी उपयोग लक्षात आला, डॉक्टर आजही देतात, पण पेशंटला सगळं समजावून, त्याची लिव्हर तपासून आणि त्याने हो म्हटल्यावरच. ते पोटात असताना दारू घेतली की दारूपासून तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड शरीरात साचत जातं, चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, बीपी खाली जातो, कधी माणूस दगावतो. ज्याला माहीत आहे तो त्या भीतीने पीत नाही, औषधाचा उपयोग तेवढाच. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर मारणार आणि कशाने काय झालं हे दवाखान्यात डॉक्टरलाही सांगता येणार नाही. आणि दुसरं म्हणजे हे कधीतरी त्याला कळणारच, त्या दिवसापासून तो आईच्या हातचं जेवणार नाही. या घरात सध्या त्याचा विश्वास असलेली एकच व्यक्ती आहे, तीही जाईल.

दुसरी गोष्ट पण तितकीच तातडीची. सकाळी हात थरथरणं आणि घेतल्यावर थांबणं याचा अर्थ त्याचं शरीर आता दारूवर अवलंबून आहे. अशा माणसाला "चार दिवस खोलीत कोंडून ठेवतो, सुटेल आपोआप" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, घाम, ताप, उपचार नाही मिळाले तर मृत्यूसुद्धा. दारू सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, तिथे झोपेची-थरथरीची औषधं आणि व्हिटॅमिन बी१ देऊन हे पाच-सात दिवस सुरक्षित काढता येतात. डॉक्टरांना भेटेपर्यंत त्याने एका झटक्यात शून्यावर येऊ नये, हे ऐकायला विचित्र वाटेल पण घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आता तुमचा प्रश्न, हाच का.

तुमच्या पत्रात हा प्रश्न तीन वेळा आलाय, आणि प्रत्येक वेळी त्याच्या मागे एक गृहीत धरलेली गोष्ट दिसते, की तिघांना सगळं सारखंच मिळालं होतं, दोघांनी निभावलं आणि एकाने माती केली. मला ते "सारखंच" मान्य नाही, म्हणून तिथूनच सुरू करू.

आधी दादांचं म्हणणं घेऊ. ते स्वतःबद्दल बोलतायत ते खोटं नाहीये. दारू पिणाऱ्यांपैकी बहुतेक लोक व्यसनी होत नाहीत. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीत सुमारे १६ कोटी लोक दारू पितात असा अंदाज आला, आणि त्यातल्या साधारण ५ कोटी ७० लाख लोकांचं पिणं त्रासाच्या किंवा व्यसनाच्या पातळीचं होतं. म्हणजे तिघांतला एक अडचणीत आणि दोघं नाहीत. त्या दोघांना मनापासून वाटतं की आपण आपल्या ताकदीवर थांबतो. पण दोन पेगनंतर दादांना थांबायला ताकद लावावीच लागत नाही, कारण त्यांना तिसरा हवासाच वाटत नाही. ज्याच्याशी झगडावंच लागलं नाही त्यावर विजय मिळवला असं कसं म्हणायचं? धाकट्याच्या डोक्यात दोन पेगनंतर जे सुरू होतं ते दादांनी कधी अनुभवलेलंच नाही.

हा फरक येतो कुठून? बराचसा जन्मतःच. जुळ्या भावंडांवर आणि दत्तक मुलांवर वर्षानुवर्षं झालेल्या अभ्यासांतून असं दिसतं की दारूचं व्यसन लागण्याच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा आहे. १९७० च्या दशकात डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांची माहिती काढली होती, वडील दारूडे, पण मूल तान्हं असतानाच दुसऱ्या घरी गेलेलं, त्या बापाचं तोंडही न बघितलेलं. तरी अशा मुलांमध्ये व्यसनाचं प्रमाण इतर दत्तक मुलांच्या जवळपास चौपट निघालं. यामागे कुठलं एक "दारूचं जीन" नसतं, छोटे छोटे खूप घटक असतात, आणि वडिलांकडून प्रत्येक मुलाला त्यातले वेगवेगळे मिळतात. तुम्ही, दादा आणि धाकटा एका बापाची मुलं आहात पण बापाकडून तिघांना आलंय ते तंतोतंत एकच नाही. नाक कुणाचं गेलंय, रंग कुणाचा गेलाय हे आपण सहज म्हणतो, मेंदूबद्दल तेच म्हणायला मात्र जीभ अडखळते.

यातला एक भाग आपल्याकडे अगदी उलटा समजला जातो, म्हणून मुद्दाम सांगते. धाकट्याला सुरुवातीला "कॅपॅसिटी लई आहे, याला चढतच नाही" असं मित्र कौतुकाने म्हणायचे हे तुम्ही लिहिलंय. मार्क शुकिट नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी कॅलिफोर्नियात दारूड्या बापांच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, विशीच्या आसपासच्या मुलांना मोजून दारू देऊन त्यांच्यावर किती परिणाम होतो ते बघितलं आणि पुढे त्यांचं काय झालं तेही बघितलं. ज्यांना तेवढ्याच दारूत कमी चढली, तीच मुलं पुढे जास्त प्रमाणात व्यसनी झाली. कारण साधं आहे, बाकीच्यांचं शरीर तिसऱ्या पेगला बास म्हणतं, पाय लटपटतात, उलटी होते, हे ज्याला होत नाही तो पीतच राहतो. आपल्याकडच्या पार्ट्यांमध्ये ज्याला शाबासकी मिळते त्याच पोराची खरं तर काळजी करायला हवी. तुमच्या ओळखीत, नात्यात विशीतली मुलं असतील आणि घरात दारूचा इतिहास असेल तर "मला चढत नाही" हे वाक्य ऐकल्यावर हसून सोडून देऊ नका.

पण जन्माचा वाटा निम्माच. उरलेला निम्मा म्हणजे ते घर, आणि इथे तुमचं "एकाच घरात वाढलो" हे परत एकदा तपासून बघा ना. दादा मामाकडे गेले तेव्हा वडिलांचं पिणं वाढत चाललं होतं असं तुम्हीच लिहिलंय. तुम्ही मुलगी म्हणून स्वयंपाकघरात आईच्या पाठीशी होतात. मग गुत्त्यावर जाऊन बापाला उठवून, सायकलवर धरून घरी आणायचं काम कुणाच्या वाट्याला आलं? आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या. रात्री भांडणं सुरू झाली की मध्ये कोण पडायचं? शेवटची दोन वर्षं वडील रक्ताच्या उलट्या करत होते तेव्हा घरी कोण होतं? पत्ता एकच होता, पण तिघांची बालपणं वेगळी होती. लहान वयात सतत भीतीत वाढलेल्या मुलांच्या शरीराला ताण आला की लवकर खाली येता येत नाही, अशी मुलं मोठी झाल्यावर व्यसनाकडे जास्त वळतात हे खूप अभ्यासांत दिसलंय. त्याला पहिल्यांदा दारू मिळाली ती चौदाव्या वर्षी, विसर्जनाच्या मिरवणुकीत, आणि "पहिल्यांदाच डोकं शांत झालं" असं तो तुम्हाला एकदा म्हणाला होता. दादांना त्या पेगातून शनिवारची मजा मिळते, याला त्यातून आयुष्यात पहिल्यांदा शांतता मिळाली. त्याला ती परत परत हवी वाटली यात नवल काय!

आणि चौदा हे वयही बघा. पंधराच्या आत प्यायला लागलेल्यांना पुढे व्यसन लागण्याचं प्रमाण विशीनंतर सुरू करणाऱ्यांच्या तुलनेत चौपटीच्या आसपास आढळलंय. मेंदूचा जो भाग थांबायला सांगतो, पुढचा विचार करतो, तो पंचविशीपर्यंत घडत असतो. त्या आधीच रोज दारू ओतली तर डोपामिनची, म्हणजे एखादी गोष्ट हवीशी वाटायला लावणाऱ्या मेंदूतल्या रसायनाची, सगळी यंत्रणा त्या एका गोष्टीभोवती बसते. मग जेवण, मॅच, मित्र, पगार कशातच चव लागत नाही, आणि बाटली दिसली, बार समोरून गेला, नुसते संध्याकाळचे सात वाजले तरी मेंदू मागणी सुरू करतो. पुढे पुढे तर मजा संपते आणि फक्त थरथर थांबवण्यासाठी प्यायलं जातं. तुमचा भाऊ आता तिथे आहे.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे त्याचा काहीच दोष नाही? आईला ढकललं, घरातली भांडी विकली, हे सगळं आजार म्हणून सोडून द्यायचं? नाही हो. आजारी असणं आणि जबाबदार असणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात. व्यसन लागणं त्याच्या हातात फारसं नव्हतं, उपचाराला जाणं मात्र त्याच्या हातात आहे, आणि घरच्यांनी त्याच्याकडून नेमकी तीच मागणी धरायला पाहिजे. आपण भलतंच मागतो. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घे म्हणतो, तो घेतो, त्या क्षणी मनापासून घेतो, आणि ती चौथ्या दिवशी मोडली की स्वतःच्याच नजरेतून अजून थोडा उतरतो, आणि तेवढं सहन करायला परत पितो. शपथ बंद करा. "प्यायचं सोड" यापेक्षा "मंगळवारी डॉक्टरकडे चल" ही मागणी त्याला खरोखर पूर्ण करता येण्यासारखी आहे.

दम नाही म्हणणाऱ्यांनी ते अडीच महिने पण नीट बघावेत. ज्याच्या हाताला कापरं भरतं त्याने अडीच महिने रोज संध्याकाळी स्वतःशी झुंज दिली. मग हळदीत घसरला. सेंटरमधली माणसं याला स्लिप म्हणतात, आणि ती अजिबात विरळ गोष्ट नाही, उपचारानंतर वर्षभरात ४० ते ६० टक्के लोक परत कधीतरी पितात, आणि बीपी, दम्यासारख्या आजारांत पथ्य-औषध मोडून परत त्रास होण्याचं प्रमाणही साधारण असंच असतं. दम्याचा अटॅक परत आला तर आपण पंप वाया गेला म्हणत नाही, औषध बदलतो. महिनाभराच्या सेंटरने सगळं कायमचं बरं होईल हीच अपेक्षा चुकीची होती. बाहेर आल्यावर त्याचा फॉलोअप झाला का? एएच्या, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला गेला का? क्रेव्हिंग, म्हणजे प्यायची ओढ, कमी करणारी औषधं असतात, नाल्ट्रेक्झोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट, ती कुणी सुचवली का? तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. तो सुटला आणि थेट त्याच खोलीत, त्याच मित्रांत, त्याच शिफ्टमध्ये परत गेला.

जागा आणि संगत किती महत्त्वाची याचं एक उदाहरण मला कायम आठवतं. व्हिएतनाम युद्धात १९७१ च्या सुमारास तिथल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास पाचवा हिस्सा हेरॉइनच्या आहारी गेलेला होता. ही मुलं परत आल्यावर देशात हाहाकार होणार अशी सरकारला भीती होती. संशोधक ली रॉबिन्स यांनी त्यांचा पाठपुरावा केला तर परतल्यावर त्यातले अगदी थोडेच पुन्हा व्यसनात अडकले. युद्ध मागे राहिलं, ते सोबती मागे राहिले, घर-नोकरी-माणसं समोर आली. आपल्याकडे माळ घालून दारू सुटलेली माणसं गावोगाव आहेत, आणि शहरातले लोक त्याला अंधश्रद्धा म्हणून हसतात तेव्हा मला वाईट वाटतं. माळ घातलेल्या माणसाची संध्याकाळ बदलते, बारऐवजी तो भजनाला बसतो, चारचौघं त्याला माउली म्हणून हाक मारतात, वारीत बरोबरची माणसं नवी मिळतात. हे सगळं उपचाराचाच भाग आहे. तुमच्या भावाला ते पटत असेल तर जरूर, फक्त डॉक्टरच्या जागी नको, डॉक्टरच्या जोडीला.

आता लग्न. इथे मी अजिबात मऊ बोलणार नाही. हे लग्न आत्ता होता कामा नये. तुमच्या आईंचं लग्न ठरलं तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेलच ना, बायको आली की सुधारेल? बायको म्हणजे उपचार नव्हे, ती एका घरातून उचलून आणलेली पोरगी असते जिला काय वाढून ठेवलंय हे सांगितलेलंच नसतं. त्यालाही हे सोसणार नाही, सोडू बघणाऱ्याला एए आणि सेंटरवाले पहिलं वर्षभर असले मोठे निर्णय टाळायला सांगतात ते उगाच नाही. आधी आई आणि दादांना सांगा की बैठक पुढे ढकला. ते ऐकत नसतील तर हो, तुम्ही मुलीकडच्यांना खरं सांगा. माहेर तुटेल ही भीती मला समजते, काही दिवस तुटेलही. तरी सांगा.

पैशांचं बघू. रोख पैसे बंद, त्याला आधी स्पष्ट सांगून बंद, अचानक नाही. उधारी फेडणं बंद, कंपनीत "ताप आलाय" म्हणून आईने फोन करणं बंद. हे कठोर वाटतं, पण त्याच्या पिण्याचे परिणाम जोपर्यंत आई आणि तुम्ही आपल्या अंगावर घेताय तोपर्यंत त्याला ते दिसतच नाहीत. जेवण, डॉक्टर, औषध, ओपीडीला जायचं भाडं, यासाठी मात्र हात आखडू नका. आणि घरातून हाकलून देऊ नका, त्याने कुणाचं भलं होत नाही. आईवर हात उचलला तर गोष्ट वेगळी, तेव्हा आईंना तुमच्याकडे आणा आणि गरज पडली तर पोलिसांना बोलवा.

उपचार कुठे? जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग असतो, सुरुवात तिथून करा, खर्चही परवडतो. पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं, तिथे स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसं पेशंटशी बोलतात, आणि माझ्या मते याचा परिणाम कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त होतो. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. तो मरणाच्या गोष्टी बोलायला लागला तर "दारूत बोलतोय" म्हणून सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सेंटर निवडताना विचारा की मानसोपचारतज्ज्ञ येतात का, पहिल्या आठवड्यात फिट आली तर काय करता, घरच्यांना भेटू देता का. "गाडी पाठवतो, उचलून आणतो, तुम्ही फक्त पैसे भरा" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. मारहाण करणारी सेंटरं आहेत आणि तिथून आलेला माणूस परत कुठल्याच उपचाराला तयार होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक त्रासही येतात, पेशंट म्हणून त्याला हक्क आहेत. त्याच एम्सच्या पाहणीत व्यसनाच्या पातळीला गेलेल्या दर ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. तुमच्या भावाने निदान एकदा तरी उंबरठा ओलांडलाय.

तो तयार नसेल तरी तुम्ही आणि आई जाऊ शकता. अल-अनॉन नावाचे गट खास व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी असतात, तिथे फी नसते, नाव-आडनाव विचारत नाहीत. आईंनी चाळीस वर्षं नवऱ्याची आणि मुलाची दारू सांभाळलीय, त्यांच्याशी याबद्दल कुणी कधी बोललंच नसेल. आणि दादांना एवढंच सांगा की शनिवारचे दोन पेग घरात नकोत, घरात बाटली नको. रक्त त्यांचंही तेच आहे, दोनाचे चार होतायत का यावर त्यांनीही लक्ष ठेवावं. तुमची मुलं कळत्या वयाची झाली की त्यांनाही आजोबांचं खरं सांगा, हार्टने गेले वगैरे नको.

धाकट्याशी बोलायचं ते तो प्यायलेला नसेल किंवा निदान पूर्ण शुद्धीत असेल तेव्हा, दादांना बरोबर न घेता. मागचं काही उगाळू नका. "मला आता कळलंय की तुझ्यात दम नाही असं नाहीये, गुत्त्यावरून पप्पांना तू आणायचास ते माझ्या लक्षात आहे. पैसे मी देणार नाही. डॉक्टरांची वेळ घेतलीय, मी रजा टाकून येतेय, आपण दोघंच जाऊ." एवढंच बोला आणि थांबा. नाही म्हणेल, कदाचित चिडेलही. पंधरा दिवसांनी परत विचारा, हेच शब्द, याच आवाजात. आणि ज्या दिवशी हो म्हणेल त्याच दिवशी निघा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.